स्वरदा मॅडम घरी आहेत का

—नाही रे, पत्ता चुकला नाहीस तू, हेच घर. सेलूकर. पाटीवरचा 'र' पडलाय म्हणून नुसतं 'सेलूक' दिसतं, खालचा झेरॉक्सवाला तर आम्हाला सेलूकच म्हणतो — आत ये, दारात उभं राहून कुठं बोलणार. चपला काढल्यास तरी चालतील, नाही काढल्यास तरी चालतील, फरशी पुसायचीच राहिलीय आज. त्या खुर्चीवर नको बसू, तिचा एक पाय हलतो — हां, दिवाणावर बस. औरंगपुऱ्यात रविवारी सकाळी गाडी लावायला जागा मिळाली ना? मंडईच्या तोंडाशी? मग नशीब काढलंस. घे, पाणी घे. पेढे कशाला आणायचे रे, उगं खर्च. ठेव तिथं टीव्हीपाशी. हो, स्वरदाचंच घर हे. म्हणजे तिच्या आजीचं. मी आजी. ती नाहीये इथं, ती पुण्याला असते आईवडिलांकडं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे — एकोणीस वर्षांची आहे रे ती. तुला वाटलं असेल मोठी असेल. लिहिते मोठ्यासारखं, पण आहे एकोणीसच.

तिनंच सांगून ठेवलंय मला, की आजी, देवगाव रंगारीचा गोकुळ म्हणून एक मुलगा आहे, वाळूजला कंपनीत असतो, बाहेरून बीए करायलाय, मी त्याला ऑनलाइन असाइनमेंट लिहून देते, तो कदाचित घरी येईल — आला तर त्याला नीट समजावून सांग. काय समजावायचं ते काही बोलली नाही. पण मी समजले. म्हणून सांगते, लेकरा, तिचं शिक्षण चाललंय, लग्नाबिग्नाचं तिच्या डोक्यातही नाही, आणि तू चांगला मुलगा आहेस, तर हे मनातून काढून टाक. झालं. एवढंच सांगायचं होतं मला. आता पोहे खाऊन जा. तयारच आहेत, नुसते वाफवायचे — शेंगदाणे जास्त घालते, तुला आव— सगळ्यांनाच आवडतात शेंगदाणे. स्वयंपाकघरातून बोलले तर ऐकू येतं ना तुला? मी जोरात बोलते, मला स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून मला वाटतं सगळ्यांनाच कमी येतं.

आईचा गुडघा कसा आहे आता? अरे, स्वरदानंच सांगितलं, ती सगळं सांगते मला. की साळूबाईंना कन्नडला, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणला जिना चढू नका, आणि त्या म्हणाल्या, आमच्या घराला जिनाच नाय, तुमच्याच दवाखान्याला हाय. मला इतकं हसू आलं — तिला. तिला हसू आलं, आणि तिनं सांगितल्यावर मग मला. आवाज छान येतो रे तुझा व्हॉइस नोटमध्ये, नुसता तो कंपनीच्या बसचा हॉर्न मध्ये आला की मला दोन-दोनदा लावावं लागतं — म्हणजे तिला लावावं लागतं. माझ्या फोनवर कशाला येतील, माझा फोन साधा आहे. तो? तो चार्जिंगला लावलेला? तो आमच्या ह्यांचा आहे. घे, पोहे घे. लिंबू पिळ वरून.

बरं, ते कुटुंबव्यवस्थेचं, त्याचं काय झालं? सरांनी काय शेरा दिला? 'छान निरीक्षण'? नुसतं छान? आणि पहिल्या वाक्याला काहीच नाही म्हणाले? 'आमच्या गावातलं कुटुंब अजून एकत्रच आहे, फक्त ते आता एका घरात मावत नाही' — ह्या वाक्याला काही नाही? अरे, ते वाक्य बसवायला अख्खी सकाळ गेली माझी. आधी मी 'विभक्त' लिहिलं होतं, मग म्हणलं विभक्त कुठं आहेत हे, मुलगा वाळूजला, पण त्याचा जीव गोठ्यात, तर विभक्त कसं म्हणायचं, म्हणून ते खोडलं, मग 'विस्तारित' लिहिलं, तेही खोडलं, तोवर दूध उतू —

बरं.

तू डिश खाली ठेवलीस म्हणजे तुला कळलं. बस. बस रे, उठू नकोस. मी कुठं अडवायलेय, जाशील की, पण पोहे संपव आणि ऐकून जा. मीच आहे ती. स्वरदा मॅडम. फोनही माझाच आहे तो, चार्जिंगला लावलेला. मी पक्कं ठरवलं होतं रे, की तू आलास तर तिच्यावर ढकलून द्यायचं, ती पुण्याला, तू वाळूजला, महिन्याभरात विसरशील, कुणाची लाज जायला नको. आणि दहा मिनिटंसुद्धा टिकलं नाही माझ्याच्यानं. मला खोटं लिहिता येतं, बोलता येत नाही. पण तूही कमालच केलीस, पैसे पाठवताना तुला प्रमोदिनी सेलूकर असं नाव येत नव्हतं का फोनवर? येत होतं? मग? आईचं खातं असेल वाटलं. बघ, म्हणजे तू सगळं बघून सुद्धा तुला पाहिजे तेच बघितलंस. हस थोडं. हसलास तर मला बरं वाटेल.

आता नीट सांगते, पहिल्यापासून. मागच्या दिवाळीत स्वरदा आली होती इथं, खरीखुरी स्वरदा. तिच्या कुणा मैत्रिणीच्या भावाला मराठीची असाइनमेंट पाहिजे होती, तर ही म्हणाली, आजी, तू लिही की, तुला येतं. आणि मला येतं रे. ह्या गल्लीत मागच्या कितीतरी वर्षांत जेवढी लग्नं झाली, त्यांच्या मंगलाष्टका मी केल्यात. कुणी रिटायर झालं की निरोपाचं भाषण माझं. आमचे सोसायटीचे अप्पाराव दरवर्षी सतरा सप्टेंबरला झेंड्यासमोर मराठवाडा मुक्तिसंग्रामावर जे भाषण वाचतात ना, आणि वाचता वाचता जे रडतात, ते माझं असतं — तेही कुठं रडायचं तिथं मी रेघ मारून देते. तर मी ती असाइनमेंट लिहून दिली, त्या मुलाला चांगले मार्क पडले, त्यानं आणखी दोघांना सांगितलं, आणि स्वरदानं बसल्या बसल्या माझ्या फोनवर सगळं थाटून दिलं, 'मराठी माध्यम, कला शाखा, असाइनमेंट लिहून मिळेल', फोटोला झेंडूचं फूल, नाव तिचं. म्हणाली, आजीचं नाव बघून कोण येईल. मग ती गेली पुण्याला, तिची परीक्षा आली, ती विसरली. मी नाही विसरले. मी लिहीतच राहिले. पर्यावरण, समाजशास्त्र, ग्रंथालयाचं महत्त्व, सगळं. पैशाचं म्हणशील तर त्यातून मी हा चष्मा केला, बाकी काही नाही.

आणि हे सगळं चोरून. कारण आमचे हे — तुला हे कुठं माहीत असणार, हे मी तुला कधी सांगितलंच नाही — आमचे हे रिटायर होईपर्यंत परीक्षा विभागात होते. परीक्षा विभागात, ऐकतोयस का. कॉपी पकडणं म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. कुणी पावाच्या आत चिठ्ठी लपवली होती, कुणी पायाच्या प्लास्टरवर सूत्रं लिहिली होती, लग्नाच्या पंगतीत बसले तरी तेच सांगतात, शेजारचा जेवायचा थांबतो. पोटच्या मुलाला निबंधात एक शब्द सुचवला म्हणून माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते. आणि त्यांच्या बायकोनं ह्या वयात स्वयंपाकघरात बसून जगाच्या असाइनमेंट लिहायच्या. म्हणून हे सकाळी मंडईला गेले की मी लिहायला बसते. ह्यांना भाजी घ्यायला भरपूर वेळ लागतो, प्रत्येक वांगं तपासतात, उत्तरपत्रिकेसारखं. आत्ताही तिकडंच गेलेत. येतील. तू काळजी करू नकोस, आलेच तर मी सांगेन गॅसची नळी बघायला आलाय — नाही, ह्या शर्टात गॅसवाला नाही वाटणार तू. बघू. सुचेल काहीतरी.

तुझा पहिला मेसेज आठवतो का तुला? 'मॅडम, लई अर्जंट हाय, आठ दिवसात द्यायचंय, कायपण लिवा पण लिवा.' ग्रामीण समाजातील बदलती कुटुंबव्यवस्था. आता मी जन्मले गुलमंडीला, दिली औरंगपुऱ्यात, मला काय माहीत गावाचं, मी गाव बघितलं ते एसटीच्या खिडकीतून. इतर मुलांना मी पुस्तकातलं इकडचं तिकडं करून दिलं असतं. पण तू 'कायपण लिवा' म्हणालास ना, त्याचा मला राग आला. म्हणलं काय पण कसं लिहायचं. तुझ्या घरात कोण कोण आहे ते सांग. आणि तू लिहायचा कंटाळा म्हणून बसमधून बोललास. ते कॅमेऱ्याचं. की तुमच्या ऋतुराजनं, धाकट्यानं, शेतातल्या गोठ्यावर कॅमेरा बसवला चोरांच्या भीतीनं, आणि तो तुझ्या मोबाइलवर दिसतो, आणि तुझी आई रोज शेतात जाताना त्या कॅमेऱ्यासमोर उभी राहते आणि डबा उघडून तुला दाखवते — आज मेथी हाय. आणि तू कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसून तुझा डबा उघडतोस. आणि नानासाहेब, तुझे वडील, ते कॅमेऱ्याकडं कधी बघत नाहीत, पण त्यांना माहीत असतं की तू बघतोस, म्हणून त्या बाजूनं जाताना पागोटं — नाही, टोपी, टोपी सरळ करतात.

मी पोळ्या करत होते. पोळी तव्यावर, फोन ओट्यावर, आणि मी नुसती उभी. पोळी जळून गेली. मी परत लावलं, परत ऐकलं. तुला मेसेज केला, 'स्पष्ट कळलं नाही, पुन्हा सांगा.' स्पष्ट होतं रे सगळं. लख्ख कळलं होतं. मला परत ऐकायचं होतं, आणि तू परत सांगताना त्यात नवीन काहीतरी आलं असतं, आणि आलंच, ते वासरू आलं कॅमेऱ्याला चाटणारं. तेव्हापासून मी तसंच करायला लागले. 'मुद्दा अपुरा आहे.' 'उदाहरण द्या.' 'अजून थोडं सविस्तर.' तुला वाटलं मॅडम लई कडक हाय. मी कडक नव्हते.

आमचा मुलगा दर रविवारी फोन करतो, वाईट नाहीये तो, नियमानं करतो. गोळ्या घेतल्यास का, घेतल्या, बाबा कसे आहेत, बरे आहेत, ठेवू मग. ठेव. आणि तू मला विचारायचास, आज काय केलंत जेवायला. मी लिहायची, दोडक्याची भाजी. दुसऱ्या दिवशी तू म्हणायचास, दोडक्याच्या शिऱ्यांची चटणी केली का नाय. अरे, मी केलेली भाजी दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात नसते, आणि वाळूजला मशीनवर उभं राहणाऱ्या मुलाच्या लक्षात. ... पोहे गार झाले तुझे. राहू दे, गरम करून देते. नको? बरं.

फुकटचं म्हणतोस? हो, चौथ्या असाइनमेंटपासून मी पैसे घेतले नाहीत. ते घेणं मला जमेचना, तू तुझ्या आईचं सांगायचं आणि मी त्याचे तुझ्याकडूनच पैसे घ्यायचे, हे काही बरोबर वाटेना. आणि तू त्याचा अर्थ हा काढलास. एखादीनं फुकट असाइनमेंट लिहून दिली की तिच्या मनात काहीतरी आहे, असं कुठं असतं रे. आणि ते शुद्धलेखनाचं पुस्तक मी पोस्टानं पाठवलं, ते तू 'सबमिट'मधला 'मि' दीर्घ लिहीत होतास म्हणून. त्याच्या पाकिटावर मागं पत्ता लिहायची मला सवय, आणि तेच पाकीट तू जपून ठेवलंस. मग मंगळवारी तुझा मेसेज. 'मॅडम, घरी येऊन बोलायचंय, मनातलं.' मी फोन पालथा घातला ओट्यावर. उघडला, लिहिलं, 'बाळा, मी सदुसष्ट वर्षांची आहे.' खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी पाठवलं काय तर 'अभ्यास करा.' तुला वाटलं लाजली.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पहिल्यांदा तू 'जेवलात का' विचारलंस तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, हेही मला कळतं. पण सांगितलं असतं तर तू 'सॉरी आजी' म्हणाला असतास आणि असाइनमेंटपुरतं बोलला असतास. आजीला कोण सांगतं बसमधून, की आज वेळेवर शिफ्ट सुटली, आकाश लई भारी दिसायलंय. मी तुला फसवलं, गोकुळ, हे मी आडून आडून नाही सांगत. मी कधी लिहिलं नाही की मी मुलगी आहे, पण नाही असंही लिहिलं नाही. राग आला असेल तर येऊ दे. माझ्यावर ओरड. मला ऐकू कमी येतं, तेव्हा खुशाल मोठ्यानं ओरड.

नाही ओरडत? मग एक विचारू? प्रेरणा कोण आहे?

कोण म्हणजे, तूच सांगितलंस. तुझ्या रविवारच्या क्लासमधली, ती पण वाळूजलाच कुठंतरी कामाला, गंगापूरहून येते. तुला आठवत नसेल, मला आठवतं. पान नंबर टाकायला प्रेरणानं सांगितलं. ठेचा प्रेरणानं आणला होता, पण तिला तिखट सोसत नाही म्हणून तो तुझ्यासाठीच आणला होता, हे तुझ्या लक्षात आलं नाही, मी इथं बसून ओळखलं. प्रेरणाची बस उशिरा आली म्हणून तू स्टँडवर थांबलास आणि तुझा पाऊण तास गेला, आणि तो पाऊण तास मला सांगायला तुला अर्धा तास लागला, इतकं काय काय झालं होतं त्यात. मी म्हणलं, आता हा सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल, की मॅडम, मला एक मुलगी आवडते. आणि तू हा नवा शर्ट घालून माझ्याच दारात. अरे, माझ्याशी तू जे बोललास ना, त्यातलं निम्मं तुझ्या आईचं होतं आणि निम्मं प्रेरणाचं. माझ्याबद्दल, म्हणजे त्या स्वरदाबद्दल, तुला एक दोडका सोडला तर काही माहीत नव्हतं. तिचा आवाजसुद्धा ऐकला नाहीस तू कधी. तुला विचारावंसं वाटलं नाही. मग? काय बघून आलास? झेंडूचं फूल?

आता मात्र हसलास. हसतो तेव्हा बरा दिसतोस.

तो फोन वाजायलाय तुझा. मघापासून खिशात थरथरतोय, मला ऐकू नाही येत पण दिसतंय ना खिसा हलताना. कोण आहे? बघ तरी. ... प्रेरणा? रविवारी सकाळी कशाला — थांब. आज कितवा रविवार? आज तुझी तोंडी परीक्षा नाही का रे? प्रकल्पावरची? तूच तर सांगितलं होतंस, बाहेरून सर येणार, एकेकाला समोर बोलावून विचारणार. आहे ना आज? मग तू इथं काय करायलास?

जायचं नव्हतं. जायचं नव्हतं म्हणजे? बाप्पा. वर्षभर डोकं फोडलंस, सुपरवायझरची जागा निघाली तर डिग्री पाहिजे म्हणून शिफ्ट करून क्लासला बसलास, आणि आज जायचं नव्हतं. का? ... 'मॅडमनं लिवलेलं मी कसं सांगू.' भीती वाटली. आणि म्हणून इकडं आलास, की एक तरी काम होईल. आता मला काय बोलावं तेच — ऐक. तो प्रकल्प. देवगाव रंगारीची पाण्याची वाटणी. त्यात माझं काय आहे, सांग बरं. कुठल्या विहिरीचं पाणी कुणाला कोणत्या वारी, हे मला माहीत होतं का? तुझ्या आजोबांनी भावाला आधी पाणी दिलं आणि स्वतःची मिरची वाळू दिली, हे मी सांगितलं का? तू बारा व्हॉइस नोट पाठवल्या, मी त्या ऐकून उतरवल्या, आणि तू एका दमात बोलतोस म्हणून मध्ये मध्ये पूर्णविराम टाकले. ह्या शेवटच्या प्रकल्पात मी माझं एक वाक्य घातलं नाही रे, जाणूनबुजून घातलं नाही, कारण हेच होणार होतं मला माहीत होतं, कुणीतरी समोर बसवून विचारणार. बाकीच्या असाइनमेंट माझ्या, ते मान्य. कुटुंबव्यवस्थेचं पहिलं वाक्य माझं, ते मी कुणाला देणार नाही. पण हे पाण्याचं तुझं आहे. सरांनी विचारलं तर बसमध्ये बसल्यासारखं समज आणि बोल. हॉर्न नसेल एवढंच.

परत वाजायलाय. उचल. उचल म्हणते ना. माझ्यासमोर बोलायला लाजू नकोस, माझ्यापासून काय राहिलंय आता. ... काय म्हणाली? नाही, नुसतं 'व्हय व्हय' करू नकोस, काय म्हणाली ते सांग. हजेरी झाली. बरं. तुझं नाव पुकारलं. मग? तिनं सरांना सांगितलं, त्याची शिफ्ट सुटायचीय, त्याला शेवटी घ्या? आणि सर ऐकले? आणि ती स्वतः? तिची झाली ना, मग घरी का नाही गेली? थांबलीय. कुणासाठी थांबलीय, रिकाम्या वर्गात पंख्याखाली बसायला? गोकुळ, लेकरा, तुला खरंच लिहून द्यावं लागतं का रे सगळं?

ऊठ. हात धू. तो नळ नाही, तो येत नाही, मोरीतला सोड. केस नीट कर. मंडईच्या तोंडातून गाडी काढशील तर अडकशील, मागच्या गल्लीनं जा. आणि तिला आज लगेच काही बोलायला जाऊ नकोस, मनातलंबिनातलं. आधी चहा पाज. ती काय म्हणते ते ऐक, मला ऐकवायचास त्याच्या निम्मं बोल आणि दुप्पट ऐक. पाया कशाला पडायलास, वाकू नको, उशीर होईल — बरं, बरं. औक्षवंत हो. मेसेज? करशील तर कर. आजी म्हणून कर पण. आणि असाइनमेंट पुढची तुझी तू लिही, मी फार तर पूर्णविराम बघीन. नाही केलास तरी मी — कर. काय झालं परीक्षेचं तेवढं तरी कळव.

थांब. जिन्यावर कोण आहे? ... आलेच हे. पिशवी आपटल्याचा आवाज मलासुद्धा आला. आता आत कुठं जातोस, उभा राहा इथंच, तू काही चोरी नाही केलीस.

या. मेथी मिळाली का? द्या इकडं पिशवी. हा ना — हा गोकुळ. देवगाव रंगारीचा. गॅसचा — नाही. गॅसचा नाही. काही बिघडलेलं नाही गॅसला. पेढे त्यानंच आणलेत. कोण म्हणजे काय. माझा विद्यार्थी आहे.

हो, माझा. माझा विद्यार्थी. काय शिकवते, किती दिवसांपासून, ते सगळं सांगते मी तुम्हाला, सुरुवातीपासून सांगते, आधी ते बूट काढा आणि बसा शांतपणे. दिवाणावर बसा. पाणी घ्या. आणि मी सांगून होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

तू का थांबलास रे अजून? जा. आता इथं तुझं काही काम नाही.